पॉइंट पुरेत, सांगणारी माणसं द्या

रत्नागिरी स्टेशनाबाहेर रिक्षा ठरवायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती पॉइंट करायचेत?" चार पॉइंटचे इतके, सहा पॉइंटचे इतके. भगवती किल्ला, थिबा पॅलेस, थिबा पॉइंट, मत्स्यालय, टिळकांचं घर, मांडवी. अर्ध्या दिवसात सगळं उरकतं आणि संध्याकाळी पाहुणे गणपतीपुळ्याला मुक्कामाला पोचलेले असतात. पुष्कळ जण तर शहरात येतही नाहीत. महामार्गावरून निवळी फाट्याला वळतात आणि थेट पुळ्याला जातात. रिक्षावाल्यांची यात काही चूक नाही. पाहुणे मागतात ते देतात. चूक आपली, रत्नागिरीकरांची आहे. आपणच आपल्या शहराची ओळख बिंदूंच्या यादीसारखी करून दिली, आणि आता यादी छोटी वाटते म्हणून तिच्यात नवे बिंदू भरायच्या मागे लागलो आहोत.

पर्यटनाची बैठक असो, निवडणुकीतलं आश्वासन असो, नाहीतर नाक्यावरच्या गप्पा, मागणी एकच असते: काहीतरी नवीन आकर्षण हवं. मोठा पुतळा, काचेचा पूल, रंगीत कारंजं, रोषणाई, सेल्फी पॉइंट. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. रत्नागिरीला पुढची दहा वर्षं एकही नवं प्रेक्षणीय स्थळ बांधू नये. त्या पैशातला निम्मा जरी असलेलं सांगणाऱ्या माणसांवर खर्च केला, तरी हे शहर लोक अर्ध्या दिवसात सोडणार नाहीत.

हे मी अनुभवावरून म्हणते. मे महिन्यात आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे असतात आणि त्यांना फिरवण्याचं काम गेली वीस-बावीस वर्षं माझ्याकडे आहे. एका वर्षी थिबा पॉइंटवर आम्ही सूर्यास्त बघत उभे होतो. खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल, पलीकडे सुरूचं बन. भाचीच्या मुलीने विचारलं, "थिबा म्हणजे काय गं?" मी तिला सांगायला लागले. पाच मिनिटांनी पाहिलं तर शेजारची दोन अनोळखी कुटुंबं मोबाइल खिशात ठेवून ऐकत होती. सूर्य केव्हा बुडाला ते कुणालाच कळलं नाही. त्यातल्या एका गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थिबा पॅलेस बघायला जाणार असल्याचं सांगितलं. आदल्याच दिवशी ते तो बघून आले होते.

मी काही विशेष सांगितलं नव्हतं. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला, थिबाला, राणी सुपयालतसह बोटीवर चढवलं. आधी मद्रास, मग १८८६च्या एप्रिलात रत्नागिरी. राजा तेव्हा तिशीच्याही आत होता. त्यानंतर तो मायदेशी कधीच परतला नाही. डिसेंबर १९१६मध्ये इथेच वारला आणि इथेच, आजच्या शिवाजीनगर भागात, त्याची समाधी आहे. पॅलेस बघणाऱ्या बहुतेकांना वाटतं, राजाला हद्दपार केलं खरं, पण ठेवलं मात्र ऐटीत. रंगीत काचांच्या खिडक्या, भलामोठा सज्जा, खाली पसरलेली खाडी बघून तसं वाटणारच. पण तो वाडा तयार झाला १९१०मध्ये. राजा त्यात राहिला जेमतेम सहा वर्षं. आधीची चोवीस वर्षं सरकारने दिलेल्या बंगल्यांत, मोजक्या तनख्यावर आणि परवानगीशिवाय कुठे जाता येणार नाही अशा अवस्थेत गेली. चोवीस हा आकडा एकदा कळला की तोच सज्जा वेगळा दिसायला लागतो. राजा तिथे बसून समुद्राकडे का बघत असेल, हे मग कुणी समजावून द्यावं लागत नाही.

त्यापुढची गोष्ट मला अधिक आपली वाटते. राजा गेल्यावर कुटुंब ब्रह्मदेशी परतलं, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली. राजाच्या घरी नोकरीला असलेल्या इथल्याच एका गृहस्थांशी तिचा संबंध जुळला होता आणि त्यांना मुलगी झाली होती, टूटू. ही राजाची नात इथे मराठी बोलत, इथल्या बायकांसारखी राहत, कष्ट करत म्हातारी झाली आणि २००० साली वारली. मंडालेच्या सिंहासनापासून रत्नागिरीतल्या साध्या घरापर्यंतचा हा प्रवास तीन पिढ्यांत झाला. इंग्रजांनी आपल्या शेवटच्या मुघल बादशहाला रंगूनला नेऊन ठेवलं, तो १८६२मध्ये तिथे वारला, आणि तिथल्या शेवटच्या राजाला इथे आणून ठेवलं. २०१२च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीचं दर्शन घ्यायला रत्नागिरीला आले होते. एका देशाचा राष्ट्राध्यक्ष ज्या जागेसाठी मुद्दाम वाट वाकडी करून येतो, ती समाधी रिक्षाच्या सहा पॉइंटांत सहसा नसते. कारण तिथे 'बघण्यासारखं' काही नाही. सांगण्यासारखं आहे.

एक जागा दुसरीला जोडली की शहर उलगडत जातं. इंग्रजांनी थिबासाठी रत्नागिरीच का निवडली? कारण पाठीशी सह्याद्री, समोर समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने बोट बंद. पळून जाणार कुठे आणि भेटायला येणार कोण? हाच हिशेब पुढे सावरकरांच्या बाबतीत झाला. अंदमानातून आणल्यावर काही काळ ते इथल्या तुरुंगात होते. १९२४मध्ये सुटका झाली ती जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारणात पडायचं नाही या अटींवर, आणि ही स्थानबद्धता १९३७पर्यंत चालली. याच काळात, १९३१मध्ये, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना खुलं. सावरकरांच्या विचारांबद्दल आज टोकाची मतं आहेत आणि माझीही काही आहेत. पण ज्या गावात अस्पृश्यांना देवळाच्या पायरीशी थांबावं लागे, त्या गावात हे देऊळ कसं उभं राहिलं, कुणी विरोध केला, कीरांसारख्या गरिबीतून वर आलेल्या भंडारी समाजातल्या माणसाने त्यासाठी पैसा का ओतला, हे मंदिरात पाच मिनिटं हात जोडून निघणाऱ्याला कळत नाही. आणि टिळक आळीतल्या ज्या कौलारू घरात २३ जुलै १८५६ला टिळक जन्मले, तिथून हे मंदिर चालत गाठता येतं, हेही त्याला माहीत नसतं. तो एका पॉइंटवरून दुसऱ्यावर रिक्षाने गेलेला असतो.

आडबाजूला असणं हेच या गावाचं दोनशे वर्षांचं नशीब होतं. त्यामुळे इथे परके कैदी आले, आणि त्यामुळेच इथली पोरं मुंबईला गेली. मांडवीच्या बंदरावर उभं राहिलं की ही दुसरी बाजू दिसते, म्हणजे कुणी दाखवली तर दिसते. लोक तिथे काळ्या वाळूत भेळ खातात, फोटो काढतात. पण बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब समुद्रात उभी राही आणि माणसं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापर्यंत जात. ट्रंक, आंब्याच्या पेट्या, पोरंबाळं, सगळं पडावातून. गिरणीत कामाला निघालेला मुलगा आणि धक्क्यावर पदर डोळ्याला लावून उभी असलेली आई, असं दृश्य या बंदराने किती हजार वेळा पाहिलं असेल! मुंबईतल्या लाखो मराठी घरांची गोष्ट अशाच कुठल्यातरी बंदरातून सुरू होते. त्या घरांतले नातू-पणतू आज गाडी काढून मांडवीला येतात आणि आपला पणजोबा इथूनच पडावात चढला असेल, याची त्यांना कल्पनाही नसते. यापेक्षा मोठं आकर्षण आणखी काय बांधणार आहोत?

लोकांना गोष्टीत रस नसतो, त्यांना फक्त मजा हवी असते, असं मला वारंवार ऐकवलं जातं. त्याला माझं उत्तर शहरालगतच्या मिऱ्या किनाऱ्यावरचं जहाज हे आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्याला रुतलं. खलाशांची सुटका झाली, जहाज मात्र वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिलं. गंजलेलं लोखंड ते, त्यात बघण्यासारखं काय होतं? पण माणसं यायची, मुद्दाम यायची. का? कारण त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात त्या दिवसाची गोष्ट सांगणारं कुणीतरी होतं. वारा कसा फिरला, जहाज कसं जवळ येत गेलं, बंधाऱ्याला धडका कशा बसल्या, रात्र कशी काढली. टपरीवरच्या चहाबरोबर ती गोष्ट मिळायची, आणि त्याच गोष्टीत हा किनारा समुद्र कसा दरवर्षी खातोय, हेही यायचं. न बांधता, न जाहिरात करता झालेलं ते पर्यटन होतं, आणि ते माणसांच्या तोंडून झालं.

बांधकामाचं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ला शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ला तो कोसळला. त्या दिवशी कोकणातल्या किती माणसांचा जीव कळवळला, ते मी पाहिलं आहे. समोर सिंधुदुर्ग उभा आहे, खुद्द महाराजांनी बांधलेला, साडेतीनशे वर्षं लाटा झेलणारा. पाया शिशात ओतून बसवला असं त्याच्याबद्दल सांगतात. तो कसा बांधला हे येणाऱ्याला नीट समजावून सांगणारी पंचवीस-तीस मुलं मालवणात तयार केली असती, तर तीही महाराजांची सेवाच झाली असती, असं मला मनापासून वाटतं.

आता पैशाचं. सुशोभीकरणाच्या निविदा कोटींच्या भाषेत निघतात. वीस माणसं नेमली, प्रत्येकाला महिना पंचवीस हजार दिले, तर वर्षाचे साठ लाख होतात. इथल्या महाविद्यालयांत इतिहास, मराठी, भूगोल शिकून मुंबईची गाडी पकडणारी मुलं-मुली दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्यातल्या वीस जणांना गावात राहून मानाने करता येईल असं काम मिळेल. आणि हा खर्च ठेकेदाराच्या खिशात न जाता गावच्या वाण्याकडे, दूधवाल्याकडे जाईल. मग हे होत का नाही? मला दिसणारं कारण साधं आहे. माणसाच्या पगाराचं उद्घाटन करता येत नाही. कोनशिला बसवता येत नाही. पुतळ्याचा खर्च एकदाच दिसतो, पगार दरवर्षी डोळ्यात खुपतो. शिवाय मंजूर निधी बहुतेक 'कामां'साठी येतो, आणि काम म्हणजे सिमेंट ही समजूत सरकारी कागदात पक्की बसलेली आहे. ती बदलायची मागणी रत्नागिरीकरांनीच करायला हवी. पर्यटनाच्या निधीतला ठरावीक वाटा माणसांच्या मानधनासाठीच, असा नियम मागायला हवा.

यावर एक आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो. सांगणारा माणूस काय सांगेल? सरकार पगार देणार असेल तर सरकारला आवडेल तेवढंच सांगेल का? किल्ल्यावर दंतकथा, भुयाराच्या भाकडकथा, कुणा एका समाजाचं मोठेपण आणि दुसऱ्याची बदनामी, असं तर होणार नाही? ही भीती खोटी नाही. गडांवर ऐकवल्या जाणाऱ्या भलत्यासलत्या गोष्टी मी स्वतः ऐकल्या आहेत. रत्नदुर्ग, म्हणजे आपला भगवती किल्ला, बहामनी काळापासूनचा, मग आदिलशाहीचा, आणि १६७०मध्ये शिवरायांनी घेतलेला. यातला एखादा टप्पा गाळला की गोष्ट खोटी होते. राजिवड्यातल्या मुसलमान मच्छीमारांना वगळून या गावच्या समुद्राची गोष्ट सांगताच येत नाही. म्हणून प्रशिक्षण हवं आणि ते इथल्या अभ्यासकांकडून हवं. १८२८पासून चालू असलेलं जिल्हा नगर वाचनालय या शहरात आहे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. सांगणाऱ्या मुलांनी आधी तिथे सहा महिने बसावं, म्हाताऱ्यांना भेटावं, आणि 'याचा पुरावा नाही, ही लोककथा आहे' असं मोकळेपणाने म्हणायला शिकावं. पर्यटकाला अर्धवट माहिती चालते हा आपला गैरसमज आहे. खरं आणि ऐकीव यातला फरक सांगितला की माणूस उलट जास्त कान देतो.

रिक्षावाल्यांना यातून वगळायचं कारण नाही. तेच पहिले सांगणारे होऊ शकतात. त्यांच्यातल्या कित्येकांना गावाचा कानाकोपरा आणि प्रत्येक पाखाडी माहीत असते.

सांगणारं माणूस नसलं की काय होतं, ते शहराबाहेरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवर, सर्वांत जास्त जाणवतं. कातळशिल्पांबद्दल आता बऱ्याच जणांनी ऐकलं आहे. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर कोरलेले हत्ती, वाघ, मासे, माणसं आणि कसल्या आहेत ते न कळणाऱ्या आकृती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं सडे तुडवले, गुराख्यांना, गावकऱ्यांना विचारलं, तेव्हा एकेक चित्र जगापुढे आलं. त्यांचं काम मुळात माणसांना विचारण्याचंच होतं. २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातल्या या ठिकाणांचा समावेश झाला. रत्नागिरी तालुक्यातलं उक्षी आणि जांभरूण, राजापुरातलं कशेळी, रुंढेतळी, देवाचं गोठणं, बारसू, देवी हसोळ, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ. कशेळीचा हत्ती अठरा मीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. ही शिल्पं नेमकी किती जुनी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, पण ती इतिहासाच्या लिखित काळाच्या फार मागची आहेत.

पहिल्यांदा एकटं गेलेल्या माणसाला सड्यावर काहीच दिसत नाही. दुपारच्या उन्हात रेषा कातळात मिसळून जातात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात जावं लागतं आणि कुणीतरी हात धरून म्हणावं लागतं, इथे उभे राहा, ही सोंड. मग अचानक पायाखाली हत्ती उभा राहतो. अंगावर काटा येतो. सोबत कुणी नसेल तर माणूस बूट घालून त्याच हत्तीवरून चालत जातो, त्याला ते कळतही नाही. हे सडे बहुतेक खासगी मालकीचे. चिरेखाणी, रस्ते, कलमं लावायला काढलेले खड्डे, यात चित्रं जातात. मालकाला दोष कसा द्यायचा? त्याला कातळातून चिरा विकून चार पैसे मिळतात, चित्रातून काहीच नाही. त्याच्याच घरातल्या कुणाला सांगण्याचं मानधन मिळालं, बघणाऱ्याकडून येणाऱ्या शुल्कातला वाटा त्याला आणि ग्रामपंचायतीला मिळाला, तर तो स्वतःच गडगा घालून चित्र राखेल. उक्षीला गावाने पुढाकार घेऊन हत्तीभोवती कठडा केला, तेव्हा लोकांनी रेषा तुडवणं थांबवलं. तिथे मोठं संकुल उभारायची गरज पडली नाही.

गोव्याचा एक धडाही लक्षात ठेवायला हवा. पणजीतलं फोंतेन्यास हे रंगीत घरांचं जुनं पोर्तुगीज वळणाचं मोहल्लावजा गाव. फोटोच्या नादात लोक इतके लोटले की रहिवाशांना दारांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावाव्या लागल्या. घर हे घर न राहता पार्श्वभूमी झालं. आपल्या टिळक आळीवर, पेठ किल्ल्यावर, मिरकरवाड्यावर ती वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर येणाऱ्याला आधी हे सांगणारं कुणीतरी हवं की इथे माणसं राहतात, इथे जाळी विणली जातात, इथे पावसाळ्यात मासेमारी बंद असताना घर कसं चालवायचं याची चिंता असते. कहाणी ऐकलेला माणूस दारात उभं राहून पाय रोवून फोटो काढत नाही. तो आधी विचारतो.

समुद्राच्या बाबतीत तर सांगणारा नसणं जिवावर बेततं. आरे-वाऱ्याचा किनारा दिसायला इतका लोभस की गाडी थांबवल्याशिवाय राहवत नाही, आणि तिथे बुडाल्याच्या बातम्या वरचेवर वाचाव्या लागतात. फलक असतात, पण फलक हाक मारत नाही. ओहोटीला खेच कशी असते, कुठे उतार एकदम खोल आहे, हे तिथल्या कोळ्याला, भंडाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. गावातल्याच मुलांना जीवरक्षक म्हणून बारमाही पगारावर ठेवणं हा माझ्या लेखी पर्यटनाचा पहिला खर्च आहे, बाकी सगळं त्यानंतर.

हे सगळं एकदम होणार नाही, हे मला कळतं. म्हणून एका गोष्टीपासून तरी यंदाच सुरुवात व्हावी. मुंबईची बोट बंद होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला. मांडवीला पडाव वल्हवणारे, पेट्या चढवणारे, बोटीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे जे उरलेत, ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. संध्याकाळी त्यातले दोन-तीन जण अजून बंदरावरच्या कठड्यावर बसलेले दिसतात. त्यांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून, त्यांच्या शब्दांत ते सगळं टिपून घ्यायला दोन मुलं आणि एक मोबाइल पुरेल. पुढच्या मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या नातवंडांना मांडवीवर ते ऐकवता येईल. या कामाला निविदा लागत नाही, आणि ते पुढच्या वर्षावर टाकताही येत नाही. मागच्या पावसाळ्यात त्या कठड्यावरची एक जागा रिकामी झाली.